पिसांची गादी आणि पाण्याचा पाईप

मिरजेच्या आसपासच्या खेड्यांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना पहाटे पाचचा एक आवाज नक्की आठवत असेल. दूध घेऊन शहराकडे निघालेल्या मोटारसायकलींचा. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, हँडलला एखादी किटली, आणि खड्डा आला की साखळ्यांचा खणखणाट. रस्ते असे, की डांबर शोधावं लागे. पण त्या गाड्या रोज जायच्या आणि रोज परत यायच्या. एवढं ओझं, एवढे धक्के त्या सोसतात कशा, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. तो मला पडला १९७९ साली, आणि फार महागात पडला.

मी तेव्हा आयटीआयमधून वेल्डरचा कोर्स करून नुकताच बाहेर पडलो होतो. हातात प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात हवा. माझा मामेभाऊ, त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, दुधाचा धंदा करायचा. त्याच्या विहिरीपाशी एक जुनी मोटारसायकल पडून होती. इंजिन चांगलं होतं, पण मागचा सांगाडा मोडलेला. दादा म्हणाला, "तू एवढं शिकलायस, ही उभी करून दे की." मी ती उभी केली. अंगणात, उसन्या वेल्डिंग मशीनवर, आठ दिवसांत. मागची बाजू कापून टाकली आणि पाण्याच्या जीआय पाईपची नवी बसवली. शॉकअप दुसऱ्याच एका गाडीचे लावले. गाडी चालली. आख्खं गाव बघायला आलं.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी सांगायची आहे ती माझ्यासारखंच घरी बसून मोटारसायकलचे सांगाडे बनवणाऱ्या, पण माझ्याहून कितीतरी शहाण्या माणसांची गोष्ट. मोटारसायकलचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनाबद्दल लिहितात. किती सीसी, किती वेग, किती ॲव्हरेज. पण इंजिन फक्त पळवतं. पळणाऱ्या गाडीला रस्त्यावर धरून ठेवते ती चेसिस, जिला आपले मेकॅनिक 'चासी' म्हणतात, आणि तिला जोडलेल्या स्प्रिंगा. गंमत अशी, की या भागातल्या मोठ्या सुधारणांपैकी बऱ्याच कारखान्याच्या ऑफिसात जन्मल्या नाहीत. त्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये, घराच्या मागच्या अंगणात जन्मल्या.

सुरुवातीची मोटारसायकल म्हणजे इंजिन बसवलेली सायकल. सांगाडा सायकलीचाच, जरा जाड नळ्यांचा. पुढच्या चाकाला लवकरच स्प्रिंगा आल्या, पण मागचं चाक कितीतरी वर्षं सांगाड्यात पक्कं आवळलेलं असायचं. धक्का खायचं काम सीटखालच्या दोन स्प्रिंगा आणि चालवणाऱ्याचा मणका यांनी वाटून घेतलेलं. मागच्या चाकाला स्प्रिंग लावायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. अमेरिकेच्या इंडियन कंपनीने १९१३ सालीच पाटे लावून पाहिले होते. १९२८ साली इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट या तरुणाने मागचा अख्खा त्रिकोण बिजागरीवर हलेल आणि सीटखालच्या स्प्रिंगा त्याला झेलतील, अशी रचना करून पेटंट घेतलं. त्याच वर्षी इटलीत ज्युझेप्पे गुझ्झी यांनी अशीच स्प्रिंगवाली गाडी बनवली आणि ती स्वतः चालवत थेट युरोपच्या उत्तर टोकापर्यंत नेली. त्यांचा भाऊ कार्लो हा मोटो गुझ्झी कंपनीचा संस्थापक. स्प्रिंग लावली तरी गाडी टिकते, हे लोकांना पटवायला एवढा प्रवास करावा लागला.

पटत का नव्हतं? कारण लोकांची ठाम समजूत होती, की मागचं चाक हलतं ठेवलं तर गाडी वळणावर डोलणार. आराम हवा तर भरवसा सोडा, भरवसा हवा तर पाठ दुखू द्या. ही समजूत अगदीच खोटी नव्हती. बिजागरी सैल असेल, सांगाडा लेचापेचा असेल, तर गाडी खरंच डोलते. पण त्यातली दुसरी बाजू कुणी बघत नव्हतं. ब्रेक लागतो, वळण घेता येतं, ते चाक जमिनीला टेकलेलं असतं तेव्हाच. आवळलेलं चाक खड्ड्यातून उसळतं, आणि हवेत असलेलं चाक काहीच करू शकत नाही. म्हणजे स्प्रिंग ही केवळ आपल्या पाठीसाठी नाही, चाकासाठी आहे. १९३५ साली आइल ऑफ मॅनच्या सीनिअर टीटी शर्यतीत स्टॅनली वुड्सने मागे स्प्रिंग असलेल्या मोटो गुझ्झीवर विजय मिळवला, तेव्हा ही गोष्ट जगाला पहिल्यांदा नीट दिसली.

आता या गोष्टीचा नायक. रेक्स मॅककँडलेस. जन्म १९१५, उत्तर आयर्लंडमधलं हिल्सबरो. शाळा लवकर सुटलेली, इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही. बेलफास्टमध्ये दुरुस्तीचं काम करायचं, क्रोमी नावाच्या भावाबरोबर शर्यतीत उतरायचं आणि गाडी का डोलली याचा घरी येऊन विचार करायचा, असा हा माणूस. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ च्या सुमारास, त्याने स्वतःच्या हाताने एक मोटारसायकल बनवली. तिचं नाव ठेवलं 'बेनिअल'. आयरिश भाषेतल्या जनावर या अर्थाच्या शब्दावरून.

या जनावरात त्याने काय केलं होतं? मागचं चाक एका चिमट्यात धरलं आणि तो चिमटा इंजिनाच्या मागे एका खिळीवर बसवला. दार बिजागरीवर हलावं तसं चाक वर-खाली हलणार, पण डावी-उजवीकडे नाही. आणि त्या चिमट्याला आधार म्हणून दोन उभे शॉकअप लावले. ते आणले होते सित्रोएन मोटारगाडीचे. बाजारात मोटारसायकलसाठी असं काही मिळत नव्हतं, म्हणून मोटारीचं उचललं.

इथे शॉकअपबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण स्प्रिंग आणि शॉकअप यांत आपण नेहमी गल्लत करतो. स्प्रिंग धक्का गिळत नाही, ती तो उसना घेते आणि लगेच परत करते. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी एका खड्ड्यावर चार वेळा उसळेल. तो परत येणारा धक्का जिरवायला तेल लागतं. नळीत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं, आणि त्या भोकांतून तेल ढकललं जातं. त्यात धक्क्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. ऑफिसच्या दारावर हळू बंद होण्यासाठी यंत्र बसवलेलं असतं ना, तेच तत्त्व. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागेल. तो तुमच्या पाठीला न बसलेला मार असतो.

त्या काळात नॉर्टन ही शर्यतीतली इंग्लंडची मानाची कंपनी. तिच्या शर्यतीच्या गाड्यांना मागे स्प्रिंगा होत्या, पण त्या उभ्या दांड्यांवर. चाकाचा आस दोन्ही बाजूंना सरळ वर-खाली सरकणार. दोन बाजू सारख्या सरकल्या नाहीत की चाक कलंडणार. सांगाडा इतका जड, की लोक त्याला बागेचं फाटक म्हणत. मॅककँडलेसने कंपनीच्या प्रमुखांना, गिल्बर्ट स्मिथ यांना, तोंडावर सांगितलं की रस्ता धरण्यात माझी घरची गाडी तुमच्यापेक्षा सरस आहे. स्मिथ यांचं मोठेपण असं, की त्यांनी हे ऐकून घेतलं, तुलना करून पाहिली आणि कामही त्यालाच दिलं.

१९४९-५० च्या हिवाळ्यात नवा सांगाडा तयार झाला. रचना ऐकायला अगदी सोपी आहे. दोन लांब नळ्या. प्रत्येक नळी हँडलच्या डोक्यापासून टाकीखालून मागे जाते, चिमट्याच्या खिळीजवळ खाली वळते, इंजिनाच्या पोटाखालून पुढे येते आणि पुन्हा डोक्यापाशी वर चढते. डोक्याजवळ नळ्या एकमेकींना छेदून जातात. झाली चेसिस. यातली खुबी अशी, की पुढचं हँडल आणि मागचा चिमटा या दोन जागा एकमेकींना घट्ट बांधल्या जातात. गाडी डोलते ती बहुतेक वेळा या दोन जागा एकमेकींच्या संदर्भात पिळल्या गेल्या म्हणून. मॅककँडलेसने आधी सांगाडा ताठ केला, मग चाकं मोकळी सोडली.

आणखी एक गोष्ट, आणि ती ज्या दिवशी मला समजली त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसून होतो. नळ्या होत्या रेनॉल्ड्स कंपनीच्या ५३१ नावाच्या पोलादाच्या, पातळ आणि मजबूत. आणि त्या जोडल्या होत्या काशाच्या डागाने. पोलाद वितळतं साधारण पंधराशे अंशांना, काशाची तार नऊशेच्या आसपास. म्हणजे नळी न वितळवता जोड बसतो. नळी फार तापली, की सांध्याच्या शेजारची पट्टी आपला मूळचा गुण गमावते. डाग मजबूत राहतो, पण शेजारची नळी कमकुवत होते. जोड तुटत नाही, जोडाच्या कडेला नळी तुटते.

एप्रिल १९५० मध्ये इंग्लंडच्या ब्लँडफोर्ड इथे जेफ ड्यूक हा तरुण या नव्या गाडीवर पहिली शर्यत धावला आणि जिंकला. नॉर्टनचाच अनुभवी स्वार हॅरल्ड डॅनिअल याने ती चालवून पाहिल्यावर ही तर पिसांची गादी आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं, 'फेदरबेड'. त्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या ज्युनिअर आणि सीनिअर अशा दोन्ही टीटी शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे आले. इटलीच्या गिलेरा कंपनीकडे चार सिलिंडरचं, जास्त ताकदीचं इंजिन होतं. नॉर्टनचं एका सिलिंडरचं, जुन्या घडणीचं. तरी वळणावर ती पुढे जायची. १९५० ची ५०० सीसीची जागतिक स्पर्धा ड्यूकने टायरच्या कटकटींमुळे एका गुणाने गमावली. १९५१ साली त्याने ३५० आणि ५०० सीसी अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली. ज्या कल्पनेची पहिली चाचणी एका घरगुती जनावरावर झाली होती, तिने चार सिलिंडरना हरवलं.

यानंतरचा किस्सा आपल्या जुन्या बाजाराची आठवण करून देणारा. त्या काळी इंग्लंडमध्ये ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कारची स्पर्धा जोरात होती. त्या कारना नॉर्टनचं इंजिन हवं असायचं, पण कंपनी नुसतं इंजिन विकत नसे. मग लोक अख्खी मोटारसायकल घ्यायचे, इंजिन काढायचे आणि उरलेला सांगाडा विकून टाकायचे. पिसांची गादी भंगाराच्या वाटेला लागली. ती उचलली लंडन-बर्मिंगहॅमच्या पोरांनी. त्यात ट्रायम्फचं इंजिन बसवलं. ट्रायम्फ आणि नॉर्टन मिळून 'ट्रायटन'. घराच्या मागच्या शेडमध्ये, संध्याकाळी कामावरून आल्यावर, करवत आणि कानस घेऊन या गाड्या बनल्या. लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी त्या रात्री जमायच्या. 'कॅफे रेसर' हा शब्द आज आपल्याकडच्या शोरूममध्येही ऐकू येतो. त्याचं मूळ या शेडमध्ये आहे.

मॅककँडलेस एकटाच नव्हता. बेल्जियममधल्या लिएजचे लुसिएन टिल्केन्स हे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. मुलगा मोटोक्रॉस, म्हणजे माती-चिखलातल्या शर्यती, खेळायचा. १९७० च्या सुमारास वडिलांनी मुलासाठी मागचे दोन शॉकअप काढून टाकले आणि टाकीखाली एकच, लांब, आडवा शॉकअप बसवला. मागचा चिमटा केला त्रिकोणी. व्हिन्सेंटची १९२८ ची कल्पना नव्या कपड्यांत परत आली होती. सुझुकीने ती घेतली नाही, यामाहाने घेतली, आणि १९७३ साली हॉकन अँडरसनने तिच्यावर २५० सीसीची जागतिक मोटोक्रॉस स्पर्धा जिंकली. आपल्याकडे २००४ साली आलेल्या होंडा युनिकॉर्नच्या सीटखाली वाकून लोक एकच शॉकअप बघायचे आणि "दुसरा कुठं गेला?" असं विचारायचे. दुसरा गेला होता एका बापाच्या गॅरेजमध्ये.

आणि न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा जॉन ब्रिटन. याने तर चेसिसच जवळजवळ काढून टाकली. इंजिन हाच सांगाडा. पुढे-मागे कार्बन फायबरचे भाग थेट इंजिनाला जोडलेले, मागच्या चाकाचा शॉकअप इंजिनाच्या पुढे आणि रेडिएटर सीटखाली. मोजके मित्र, घरची शेड, आणि काही भाग तापवायला बायकोची मातीची भांडी भाजायची भट्टी. या गाड्या जगभर शर्यती जिंकल्या. एकूण दहाच बनल्या. १९९५ साली कर्करोगाने ब्रिटन गेला तेव्हा तो अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता. वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याची गाडी ठेवलेली आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. गाडी जो बनवत होता तो, किंवा त्याच्या घरचं, त्याच्या जवळचं माणूस ती चालवत होतं. कारखान्यात बनवणारा एका टेबलावर असतो आणि पडणारा दुसऱ्याच रस्त्यावर. इथे मधे कुणी नव्हतं. म्हणून चाकाचं म्हणणं यांना लवकर ऐकू आलं. पण त्याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. तपासायचं यंत्र म्हणजे माणसाचं शरीर. मॅककँडलेसचे धडे अनेक वर्षांच्या पडण्या-झडण्यातून आले होते. माझा अनुभव होता आठ दिवसांचा.

आता दादाच्या गाडीकडे येतो. पाण्याचा पाईप पाणी वाहायला केलेला असतो, माणूस वाहायला नाही. त्यावरचा जस्ताचा थर मी नीट घासलाही नव्हता. वेल्डिंगच्या त्या धुराने मला रात्री थंडी वाजून ताप आला, तोही मी कष्टाचा समजलो. सांधा मजबूत व्हावा म्हणून मी एकावर एक थर चढवले, पाईप लालबुंद होईपर्यंत. वर आधाराला जाड पट्टी मारली, तीही अचानक संपणारी, टोकदार. माझा डाग इतका सुंदर होता, की मी त्यावर रंगसुद्धा दिला नाही. लोकांना दिसावा म्हणून.

एकोणिसाव्या दिवशी, दोन भरलेले कॅन घेऊन जाताना, ओढ्याच्या उतारावर गाडी मागून बसली. चाक कलंडलं. वेग फार नव्हता, म्हणून दादा वाचला. ऐंशी लिटर दूध रस्त्यावरून ओढ्यात गेलं. दादाची गळपट्टी मोडली, ती सांधली. उजवं मनगट मोडलं, ते कधीच पहिल्यासारखं झालं नाही. त्याला पुन्हा धार काढता आली नाही. वर्षभरात म्हशी विकल्या गेल्या.

मी सांगाडा तपासायला गेलो तेव्हा माझा डाग जसाच्या तसा होता. पाईप तुटला होता डागाच्या कडेला, अगदी सुरीने कापल्यासारखा. मला वाटलं, पाईपच वाईट होता. हा समज मी कितीतरी वर्षं उराशी धरून ठेवला. पुढे आयटीआयमध्ये शिकवायला लागल्यावर फेदरबेडबद्दल वाचताना काशाच्या डागाचं कारण समजलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतःशी कबूल केलं की पाईप तुटला नव्हता, मी तो तोडला होता. पाईप चुकीचा निवडणाराही मीच.

आज आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. मुलं मला विचारतात, सर, मग घरी काही करायचंच नाही का? मी म्हणतो, करा. खाजगी मैदानावरच्या स्पर्धांसाठी करा, कॉलेजच्या प्रकल्पासाठी करा. पण आधी दहा सांधे करा आणि दहाही मुद्दाम मोडा. कुठे मोडतात ते बघा. मोडलेला सांधा जेवढं शिकवतो तेवढं चांगला दिसणारा शिकवत नाही.

दादाने मला एका शब्दानेही कधी बोल लावला नाही. निवृत्तीच्या आधी दोन-तीन वर्षं तो एकदा माझ्या वर्कशॉपमध्ये आला. पिशवीतून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि डाव्या हाताने टेबलावर ठेवलं. त्या पाईपचा वीतभर तुकडा होता. इतकी वर्षं गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवलेला. म्हणाला, "पोरांना दाखवत जा."

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला मी तो दाखवत आलो. तुकडा हातोहात फिरतो. मुलं डागाकडे बघतात आणि म्हणतात, सर, वेल्डिंग एकदम मस्त आहे. मी म्हणतो, हो. आता त्याच्या शेजारी बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)